टॅग जपानी, फूल पिवळं: नर्सरीतून आणलेलं आयरिस नक्की कुठलं ते ओळखायचं कसं

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात एक सखल कोपरा होता, पाऊस पडला की दोन दोन दिवस पाणी साचायचं, तिथे काय लावावं म्हणून नर्सरीत गेले आणि 'जॅपनीज आयरिस' असा टॅग असलेली कुंडी घेऊन आले. टॅगवर खाली बारीक अक्षरात आयरिस एन्साटा, आणि वर बशीएवढ्या जांभळ्या फुलाचा फोटो. पहिली दोन वर्षं नुसती पानंच पानं. तिसऱ्या वर्षी मे संपता संपता कळी आली, एके सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेले तर फूल पिवळंधमक, हळदीच्या हातासारखं.

आईला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. ती फुलाकडे बघेचना, पानांकडेच बघत म्हणाली, "अगं, हे तर वेखंड! माझ्या माहेरी विहिरीच्या पाटाला होतं. पान चुरगळ आणि वास घे." चुरगळलं. वास कसला, ओल्या गवताचा. "मग नाही वेखंड," आई म्हणाली आणि विषय संपवून टाकला.

गंमत अशी की आई चुकली ती एकटी नव्हती. हे पिवळं आयरिस म्हणजे आयरिस स्यूडॅकोरस, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं. अॅकोरस म्हणजे वेखंड आणि स्यूडो म्हणजे खोटं, थोडक्यात खोटं वेखंड! म्हणजे पावणेतीनशे वर्षांपासून लोक पानं बघून हाच घोळ घालतायत. आणि आईने सांगितलेली टेस्ट अगदी शंभर टक्के बरोबर आहे, पान चुरगळल्यावर वेखंडाचा तो उग्र गोडसर वास आला नाही तर वेखंड बाद. टॅगवरचा फोटो बघण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी.

तेव्हापासून मला हा नाद लागलाय. स्वतःचं, मैत्रिणींचं, ऑफिसमधल्या लोकांचं, कुणाचंही आयरिस दिसलं की टॅग काय म्हणतो आणि झाड काय म्हणतं हे ताडून बघते. त्यातून जे जमलं ते इथे लिहितेय. बरंचसं अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात बाग करणाऱ्या आपल्या लोकांना उपयोगी पडेल, पुण्या-मुंबईच्या नर्सरीतल्या 'आयरिस'ची कथा वेगळीच आहे, ती शेवटी.

चूक होते कुठे

नर्सरीवाला मुद्दाम फसवतो असं फारसं नसतं. आयरिसच्या तीनेकशे जाती आहेत आणि फूल नसताना निम्म्याअधिक सारख्याच दिसतात, तलवारीसारखी पानं आणि खाली आल्यासारखा गड्डा. नर्सरी विकते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बहुतेक वेळा फुलं यायच्या आधी. होलसेलवाल्याकडून ट्रे येतो, ट्रेला एक टॅग, त्यात एखादी कुंडी दुसऱ्या ट्रेमधली शिरली की ती त्याच नावाने विकली जाते.

दुसरं म्हणजे बियांपासून केलेली रोपं. शेजारी शेजारी लावलेली सायबेरियन आणि सॅंग्विनिया आयरिस असली की भुंगे काही टॅग वाचत नाहीत, बी संकरित होतं, आणि त्या बियांची रोपं आईच्या नावाने विकली जातात.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त आवडतं, जुनी नावं. जपानी आयरिसचं जुनं नाव कॅम्पफेराय, आता एन्साटा, पण अजून कॅम्पफेराय लिहिलेले टॅग दिसतात. हे तरी निरुपद्रवी, एकाच झाडाची दोन नावं. खरा वैताग 'ओरिएंटॅलिस'चा. मिलर नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने १७६८ मध्ये एका पांढऱ्या-पिवळ्या, कमरेपेक्षा उंच जातीला आयरिस ओरिएंटॅलिस नाव दिलं, नंतर थुनबर्ग नावाच्या दुसऱ्या तज्ज्ञाने तेच नाव जपानकडच्या एका निळ्या-जांभळ्या जातीला दिलं, तिला आज आपण सॅंग्विनिया म्हणतो. आता जुन्या कॅटलॉगमधून नाव उचललेल्या टॅगवर ओरिएंटॅलिस लिहिलं असेल तर कुंडीत यातलं कुठलंही असू शकतं आणि दोन्ही वेळा टॅग लिहिणारा म्हणू शकतो की माझं बरोबर आहे!

फुलाचे भाग, दोन मिनिटांत

हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आयरिसच्या फुलात तीन पाकळ्या खाली झुकलेल्या असतात, त्यांना फॉल्स म्हणतात, तीन वर उभ्या, त्या स्टँडर्ड्स. आणि मध्ये आणखी तीन पाकळीसारखेच दिसणारे फाटे असतात, प्रत्येक फाटा एकेका फॉलवर छपरासारखा आलेला, त्याखाली पुंकेसर लपलेला. हे फाटे म्हणजे स्टाइल आर्म्स, स्त्रीकेसराचा भाग. फॉलच्या गळ्याशी जो रंगीत ठिपका किंवा पट्टा असतो तो सिग्नल, मधमाशीला 'इकडून आत' सांगणारा.

फॉलवर केसांची सुरवंटासारखी रांग असेल तर दाढीवालं म्हणजे बिअर्डेड आयरिस. केसांऐवजी कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी किनार असेल तर क्रेस्टेड. दोन्ही नसेल तर बिनदाढीचं. आणि खाली गड्डा नसून कांद्यासारखा कंद असेल तर तो वेगळाच गट. एवढी चाळणी लावली तरी अर्ध्या चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात, 'सायबेरियन' म्हणून घेतलेल्या झाडाला दाढी निघाली तर पुढे डोकं लावायची गरजच नाही.

पायरी १: दुकानात, फूल नसताना

पान हातात घ्या, उजेडाकडे धरा, आणि अंगठा आडवा फिरवा. मधोमध उठून आलेली कडक शीर लागते का? एन्साटाच्या पानाला ती स्पष्ट लागते, अंगठ्याला टोचल्यासारखी. आयरिस लेव्हिगाटाला, म्हणजे जपानी लोक ज्याला काकित्सुबाता म्हणतात त्याला, ती लागत नाही, पान गुळगुळीत. नावातच आहे, लेव्हिगाटा म्हणजे गुळगुळीत. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचे एन्साटा आणि लेव्हिगाटा दोन्ही विकायला असतात आणि सर्रास एकमेकांच्या नावाने विकले जातात, तिथे ही अंगठा-टेस्ट फूल यायची वाट न बघता निकाल देते. आणि हा फरक नुसता कागदावरचा नाही, लेव्हिगाटा बारा महिने पाण्यात उभं राहतं, एन्साटाला उन्हाळ्यात ओल हवी पण हिवाळ्यात मुळाशी पाणी तुंबलं तर सडतं.

मग मी का फसले? कारण स्यूडॅकोरसलाही मधली शीर आहे! मी शीर बघितली असती तरी 'हो, एन्साटाच' म्हटलं असतं. त्या दोघांत फरक रुंदीचा आणि अंगाचा: एन्साटाचं पान साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास, स्यूडॅकोरसचं दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत रुंद, निळसर करडं हिरवं, आणि झाड बघता बघता छातीपर्यंत जातं. दुकानातल्या लहान कुंडीत हे कळणं कठीण, मान्य आहे. तिथे गड्ड्याचा तुकडा मोडून बघता आला तर स्यूडॅकोरसचा आतून गुलाबीसर असतो. पण विकत घेण्याआधी दुकानात गड्डा मोडायला लागाल तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून घरी आणल्यावर कुंडी बदलताना बघा. आणि हातमोजे घाला, आयरिसच्या रसाने काही जणांच्या हाताला आग होते, माझ्या झाली.

पानांच्या बुडाशी जांभळा रंग असेल तर व्हर्सिकलर (निळं-जांभळं अमेरिकन आयरिस, पुढे येईलच) किंवा त्याचा संकर असण्याची शक्यता वाढते. बुडापासून दांड्यापर्यंत सगळंच गडद जांभळं असेल तर बहुधा 'जेराल्ड डार्बी', तो व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिकाचा संकर आहे आणि टॅगवर बऱ्याचदा यापैकी फक्त एकाच पालकाचं नाव असतं.

पान चुरगळायला विसरू नका. वेखंडाचं सांगितलंच, तेही इथे 'स्वीट फ्लॅग' नावाने तळ्याच्या झाडांत आयरिसच्या बाजूलाच ठेवलेलं असतं. आणि चुरगळल्यावर भाजलेल्या मटणासारखा वास आला तर ते आयरिस फेटिडिसिमा. शाकाहारी वाचकांनी माफ करा, पण दुसरी उपमाच नाही.

पायरी २: तारीख लिहा

हे कुणी करत नाही आणि फुकट आहे. पहिलं फूल कुठल्या दिवशी उमललं ते लिहून ठेवा. आमच्या न्यू जर्सीत मार्चमध्ये कंदवाली बुटकी रेटिक्युलाटा, मग बुटकी दाढीवाली, मे मध्यापासून उंच दाढीवाली, मेच्या शेवटाला सायबेरियन, स्यूडॅकोरस आणि व्हर्सिकलर, आणि जूनच्या मध्याला, म्हणजे या सगळ्यांची मजा संपल्यावर, एन्साटा. माझं 'एन्साटा' मे महिन्यात कळी घेऊन उभं राहिलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तुमच्या गावात महिने मागेपुढे होतील, क्रम साधारण हाच राहतो.

उंच दाढीवाली एका जागी भरपूर बघायची असतील तर अप्पर माँटक्लेअरला प्रेस्बी मेमोरियल आयरिस गार्डन्स आहे, १९२७ पासून. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा, एकदा ते बघितलं की दाढी कशाला म्हणतात हे आयुष्यभर विसरणार नाही.

पायरी ३: फूल आलं की, आणि इथे घाई नको

फोटो काढताना सगळे वरून एक सुंदर फोटो काढतात, तो ओळखायला काहीही कामाचा नाही. बाजूने एक काढा ज्यात स्टँडर्ड्सची उंची दिसेल, फॉलच्या गळ्याचा अगदी जवळून, कळीवरच्या आवरणाचा, पूर्ण दांड्याचा पानांसकट म्हणजे कोण उंच ते कळेल, आणि पानाचा उजेडाविरुद्ध. शेजारी पट्टी धरा. मी शाळेतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी वापरते.

सिग्नलवरून सुरुवात करा. जपानमध्ये तीन सारख्या दिसणाऱ्या आयरिसना वेगळं करायची एक पद्धत सगळ्यांना पाठ असते: गळ्याशी पिवळा पट्टा असेल तर हानाशोबू म्हणजे एन्साटा, पांढरा असेल तर काकित्सुबाता म्हणजे लेव्हिगाटा, आणि जाळीदार नक्षी असेल तर आयामे म्हणजे सॅंग्विनिया. पिवळा, पांढरा, जाळी. एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं. फूल कितीही रंगाचं असो, दुहेरी पाकळ्यांचं असो, गळ्याशी बघायचं.

आणि फूल मुळातच पूर्ण पिवळं असेल तर ते एन्साटा नव्हे. खऱ्या एन्साटात पिवळा रंग नाहीच, म्हणून तर ब्रीडर लोकांनी त्याचा स्यूडॅकोरसशी संकर केला. त्या संकरांच्या गळ्याशी डोळ्यात काजळ घातल्यासारखी गडद कड असते, ते 'जॅपनीज' म्हणून विकलेले मी पाहिलेत, दिसायला सुंदर असतात पण एन्साटा म्हणता येणार नाही. नुसतं पिवळं, तपकिरी रेघा, आणि स्टँडर्ड्स इतक्या चिमुकल्या की मधल्या फाट्यांपेक्षाही लहान, तर सरळ स्यूडॅकोरस.

आता निळे-जांभळे अमेरिकन, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका. इथे मी मुद्दाम थांबणारे, कारण माझ्यासारखे आयटीवाले वाचत असतील तर त्यांनी ही नावं आधी ऐकलीयत. मशीन लर्निंगच्या पहिल्या आठवड्यात जो आयरिस डेटासेट सगळ्यांना देतात, दीडशे फुलं, तीन जाती, तो हाच! एडगर अँडरसन नावाच्या मिसूरी बोटॅनिकल गार्डनच्या माणसाने ही फुलं मोजली, त्यातली सेटोसा आणि व्हर्सिकलर कॅनडातल्या गॅस्पे द्वीपकल्पावरची, आणि १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्या आकड्यांवर जाती वेगळ्या करायची आपली पद्धत मांडली. मी कॉलेजात त्याच्यावर असाइनमेंट केली, नव्वदच्या वर अॅक्युरसी आणली, आणि आयरिसचं फूल म्हणजे काय हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

त्यात 'पेटल' लिहिलंय ते म्हणजे स्टँडर्ड आणि 'सेपल' म्हणजे फॉल. सेटोसाचं पेटल एक ते एक पूर्णांक नऊ सेंटीमीटर, म्हणून त्याचा ग्राफ नेहमी एका कोपऱ्यात वेगळा पडतो. बागेतही तसंच, सेटोसाच्या स्टँडर्ड्स एवढ्या आखूड की फुलाला फक्त तीन पाकळ्या आहेत असं वाटतं. टॅगवर सेटोसा आणि फुलात तीन उंच उभ्या पाकळ्या, तर टॅग चूक, वाद नाही. पण व्हर्सिकलरचं पेटल ३.० ते ५.१ आणि व्हर्जिनिकाचं ४.५ ते ६.९, म्हणजे मध्ये दोघं एकमेकांत घुसलेले. ४.८ आलं तर काय म्हणाल? पट्टीने दोन जाती वेगळ्या होत नाहीत, हे त्या डेटासेटमध्येच लिहून ठेवलंय आणि आपण ते मॉडेलची एरर म्हणून सोडून देतो.

म्हणून गळ्याशी बोट लावा. व्हर्जिनिकाच्या फॉलवर भडक पिवळा ठिपका असतो आणि त्यावर बारीक लव, बोटाला मखमल लागते. व्हर्सिकलरचा ठिपका हिरवट पिवळा, भोवती पांढरं, जांभळ्या शिरांची जाळी, आणि लव नाही. ही लव दाढी नव्हे हं, दाढी लांबून दिसते, ही भिंग लावून दिसेल इतकी बारीक. शिवाय व्हर्जिनिकाच्या स्टँडर्ड्स फॉलच्या जवळजवळ बरोबरीने लांब, व्हर्सिकलरच्या बऱ्याच आखूड. आणि हो, व्हर्सिकलर हा मुळात व्हर्जिनिका आणि सेटोसा यांच्या जुन्या संकरातून तयार झाला असं मानतात, क्रोमोसोम १०८, म्हणजे दोन्ही पालकांची बेरीजच जवळजवळ. बाप आणि काका एकाच फोटोत असल्यावर पोरगं ओळखायला कठीण जाणारच.

पायरी ४: सायबेरियनचा दांडा

'सायबेरियन' म्हणून विकलं जाणारं बहुतेक सगळं सिबिरिका आणि सॅंग्विनिया यांच्या संकरातून आलेलं असतं. तेव्हा टॅगवर फक्त 'सायबेरियन' लिहिलं असेल तर माझी तक्रार नाही. तक्रार तेव्हा, जेव्हा 'आयरिस सिबिरिका, मूळ जात' म्हणून जास्त पैसे घेतात.

मूळ सिबिरिका असेल तर दांडा पानांच्या बराच वर जातो, त्याला फांद्या फुटतात, एका दांड्यावर तीन-चार-पाच फुलं, आणि फूल उमलेपर्यंत कळीवरचं आवरण सुकून तपकिरी कागदासारखं झालेलं असतं. सॅंग्विनियाचा दांडा सरळसोट, फांदी नाही, पानांच्या उंचीएवढाच, दोन-तीन फुलं, आवरण हिरवं आणि कडेला लालसर झाक, सॅंग्विनिया म्हणजे रक्तासारखा तो यावरूनच. तुमच्याकडे फांदी आहे पण आवरण हिरवं आहे असं मिश्रण निघालं तर संकर समजा आणि झोपा. फूल संपल्यावर दांडा आडवा कापून बघा, या दोघांचाही आतून पोकळ असतो, बोरूसारखा. भरीव निघाला तर तुम्ही दुसऱ्याच गटात आहात.

आणि एक, गडद जांभळं सायबेरियन दिसलं की त्यावर 'सीझर्स ब्रदर' या वाणाचा टॅग लावायची जी खोड आहे तिच्याकडे दुर्लक्ष करा. असेलही, नसेलही.

दाढीवाल्यांचं थोडक्यात

पांढऱ्या किंवा पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं दाढीवालं आयरिस 'जर्मेनिका व्हेरिगाटा' म्हणून घेतलं असेल तर कळीवरचं आवरण बघा. ते फूल येतानाच पूर्ण पांढरं, चंदेरी, टिश्यू पेपरसारखं असेल तर ते पॅलिडा, दाढीवाल्यांतलीच दुसरी जात. फुलाला द्राक्षाच्या सरबतासारखा वास येतो, तोही पॅलिडाचा. जर्मेनिकाचं आवरण खालून हिरवं आणि वरच्या टोकाला कागदी.

बाकी बागेतल्या दाढीवाल्या संकरांची नावं फोटोवरून शोधू नका. अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० पासून आहे, नावं रजिस्टर करायचं काम तिच्याकडेच आहे आणि हजारो हजारो नावं आहेत, सारख्या दिसणाऱ्या शेकडो. इथले बागवाले अशा झाडाला सरळ 'नोआयडी' म्हणजे 'ओळख नाही' म्हणतात. चुकीचं नाव चिकटवण्यापेक्षा नोआयडी बरं, कारण तुम्ही गड्डे वाटता तेव्हा ते नावही वाटलं जातं.

पायरी ५: एक बोंड ठेवा, हेच सगळ्यात महत्त्वाचं

लोक फूल सुकलं की दांडा कापून टाकतात. सगळे कापा, एक ठेवा. फूल चार दिवसांचं, त्यात पाऊस आला की संपलं, बोंड मात्र ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तुमची वाट बघतं, आणि बियांवरून जो निकाल लागतो तो फुलावरून लागत नाही.

सिबिरिकाचं बोंड आखूड आणि जाडसर, सॅंग्विनियाचं लांब आणि बारीक, जाडीच्या तिप्पट तरी लांब. एन्साटाच्या बिया चपट्या, पातळ, चकतीसारख्या. लेव्हिगाटाच्या जाड, अर्धगोल, चकचकीत, चिंचोक्याची लहान भावंडं. म्हणजे अंगठा-टेस्टबद्दल शंका राहिली असेल तर इथे मिटते. व्हर्सिकलरच्या बिया इंग्रजी डी अक्षरासारख्या, गडद, चमकदार आणि वर नीटस दाणेदार. व्हर्जिनिकाच्या वेड्यावाकड्या, फिकट, बुचासारख्या. गेल्या सप्टेंबरात एका मैत्रिणीकडची दोन बोंडं जेवणाच्या टेबलावर फोडली, दोन्ही कुंड्यांवर व्हर्सिकलरचा टॅग, एका बशीत काळ्या चमकदार बिया पडल्या, दुसऱ्या बशीत तुटक्या बुचाचे तुकडे. तिचा नवरा चष्मा न लावता म्हणाला की ही दोन वेगळी झाडं आहेत. चार महिने आम्ही फुलांच्या फोटोंवर भांडत होतो.

लुइझियाना आयरिसच्या बोंडाला सहा धारा असतात, कारल्याच्या छोट्या फोडीसारखं दिसतं, तेही यातच तपासता येतं.

चूक सापडली, पुढे काय

नर्सरीत जा, पण फोटो घेऊन जा आणि आवाज चढवू नका. माझ्या नर्सरीतल्या काकू आधी म्हणाल्या की सगळी आयरिस पहिल्या वर्षी रंग बदलतात. रंग बदलत नाहीत, हे लक्षात ठेवा, हे उत्तर तुम्हालाही मिळेल. मग गळ्याचा आणि स्टँडर्ड्सचा फोटो दाखवला तेव्हा त्या गप्प झाल्या आणि उरलेल्या कुंड्यांचे टॅग काढले. मला दुसरी कुंडी मिळाली. ती अजून फुललेली नाही.

स्यूडॅकोरस निघालं तर मात्र फक्त नावाचा प्रश्न राहत नाही. हे युरोपातलं झाड अमेरिकेतल्या ओढ्या-तळ्यांत आक्रमक झालंय, बिया पाण्यावर तरंगत खाली जातात आणि गड्ड्याच्या तुकड्यातूनही नवीन झाड होतं. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, वॉशिंग्टन अशा राज्यांत ते विकायलाच बंदी आहे, तुमच्या राज्याची यादी बघून घ्या. मी माझं बी धरायच्या आत उपटलं, गड्डा अख्खा काढला, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवला आणि मग कचऱ्यात. कंपोस्टमध्ये घालू नका आणि 'छान पिवळं फूल आहे' म्हणून तळं असलेल्या मैत्रिणीला तर अजिबात देऊ नका.

बरोबर नाव सापडलं तरी टॅग फेकू नका, मागच्या बाजूला लिहा. खात्री नसेल तर 'सिबिरिका गट' एवढंच. आणि प्रत्येक कुंडीला नंबर द्या, नावं बदलतात, कुंडी नंबर ७ ही कुंडी नंबर ७ च राहते.

आणि पुण्यातलं 'आयरिस'

आपल्याकडे नर्सरीत आयरिस म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा आयरिस नसतंच. तीन झाडं लक्षात ठेवा. पांढऱ्या पाकळ्या, आत निळ्या-जांभळ्या वळलेल्या पाकळ्या, फूल एका दिवसात संपतं आणि फुलाच्या दांड्यावरच नवीन पिल्लू फुटून दांडा वाकतो, ते निओमारिका, 'वॉकिंग आयरिस', मूळचं ब्राझीलकडचं. फिकट पिवळ्या फुलावर तीन तपकिरी ठिपके किंवा पांढऱ्यावर जांभळी-पिवळी छटा, सोसायटीच्या गेटपाशी हमखास लावलेलं, ते डाएटिस, आफ्रिकन. याची फुलं अगदी आयरिससारखी दिसतात पण पाकळ्या बुडापर्यंत सुट्या असतात, आयरिसच्या खाली जुळून नळी होते, एक फूल ओढून बघा.

तिसरं मजेशीर. केशरी फूल, वर लाल ठिपके, सुकताना पिळलेल्या फडक्यासारखं वळतं आणि बोंड उकललं की आत काळ्या बियांचा घोस. हे बेलॅमकँडा, याला लोक आयरिस म्हणायचे तेव्हा ते चूक होतं, मग २००५ मध्ये शास्त्रज्ञांनीच त्याला आयरिस डोमेस्टिका करून टाकलं. मधले पाकळीसारखे फाटे याला नाहीत, सहाही पाकळ्या सारख्याच, म्हणजे वर सांगितलेल्या फुलाच्या सगळ्या भागांना अपवाद, पण आयरिस आहे. दाढीवालं आयरिस पुण्याच्या पावसाळ्यात गड्डा सडून जातं, काश्मीरात बघायचं ते, तिथे आयरिस कश्मिरियाना कबरींवर लावतात.

आईने त्या कॉलनंतर हौसेने 'आयरिस' आणलं, अर्थात निओमारिका निघालं. पान बघून शेजारच्या सुनेने बाळाच्या गुटीसाठी मुळी मागितली, वेखंड समजून. ही चूक नुसती टॅगची नाही, आयरिस आणि त्याच्या भावकीच्या गड्ड्यांनी पोट बिघडतं, बाळाला तर नकोच नको. आईने पान चुरगळून तिच्या नाकाशी धरलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटने कुंडीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं: वेखंड नाही.